एका पायाची तालीम

ऑपरेशनला अजून पंधरवडा बाकी होता आणि आमच्या घरात पेशंटची केळी येऊन पडायला लागली होती. उदगीरला आमच्या गल्लीत कुणी आजारी पडलं की केळी, बिस्किटचे पुडे आणि तोंड बारीक करून विचारलेलं ‘आता कसं वाटतंय?’ हे सगळं एकदमच येतं. मला काहीच वाटत नव्हतं, कारण गुडघा अजून कुणी उघडलाच नव्हता. मी नुसती तालीम करत होते. पण हे एकेकीला समजावून सांगताना माझ्या नाकीनऊ आले, आणि शेवटी मी मुकाट्यानं केळी खायला सुरुवात केली.

मुळापासूनच सांगते.

मी एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. खो-खो शिकवते. हा खेळ खुर्चीत बसून शिट्टी वाजवत शिकवता येत नाही. निदान मला येत नाही. पळता पळता खांबाला हात घालून गर्रकन वळायचं कसं, हे मी मुलींना करून दाखवत होते. असं वळण मी हजार वेळा घेतलं असेल. त्या दिवशी पाय मातीत रुतला, अंग वळलं आणि गुडघा राहिला तिथंच. आतून कट्ट असा आवाज आला. पहिल्या चौकोनात बसलेल्या मुलीलासुद्धा तो ऐकू गेला.

पुढे गोळ्या झाल्या, शेक झाला, पट्टा झाला. सूज उतरायची आणि पुन्हा चढायची. जिना उतरताना गुडघा मध्येच अडकायचा आणि मी कठडा धरून उभी राहायचे. शेवटी लातूरच्या एका सर्जननी फोटो उजेडासमोर धरून दाखवला. हाडाच्या टोकाला कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. माझ्या थराचा एक तुकडाच निघाला होता, सारवलेल्या भुईचा पोपडा निघावा तसा. खाली हाड उघडं पडलं होतं. ही जागा आपोआप भरून येत नाही म्हणाले. आणि अख्खा गुडघा बदलावा असं माझं वयही नव्हतं. मग त्यांनी उपाय सांगितला. माझ्याच गुडघ्याच्या, वजन न पडणाऱ्या कोपऱ्यातून चिमूटभर कूर्चा काढायची, बाहेरगावच्या लॅबमध्ये तिच्या पेशी वाढवायच्या, आणि मग गुडघा उघडून त्या खड्ड्यात बसवायच्या.

“म्हणजे विरजण लावायचं,” मी म्हणाले.

“विरजणच,” डॉक्टर हसले.

“मी पळेन का?”

“वर्षभरानं. कदाचित. गॅरंटी देत नाही.”

हा माणूस मला तेव्हाच आवडला. गॅरंटी मिक्सरला असते. मला ‘कदाचित’ पुरेसं होतं.

बाकीच्यांना मात्र ते पुरेसं नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, कशाला एवढं? ग्रंथालय मोकळंच आहे, निवांत बसा.” निवांत! एका शिक्षिकेनं तर सरळ विचारलं, मुलंबाळं शिकायला बाहेरगावी गेली, नोकरी पक्की आहे, आता पळून जायचंय कुठं? आणि माझ्या आईनं किल्लारीहून फोनवर सगळ्यात वरताण केली. “बाईच्या जातीनं गुडघ्याशी जुळवून घ्यायचं असतंय, माय. मी न्हाई का घेतलं?”

तिनं घेतलं होतं, हे खरं आहे. किती वर्षं झाली, आई भुईवर बसलेली मी पाहिलेली नाही. लग्नाच्या पंगतीत ती भिंतीला टेकून उभी राहते आणि ‘मला भूक न्हाई’ म्हणते. एसटीतून ती उलटी उतरते, दांडीला दोन्ही हातांनी लोंबकळत, आणि कंडक्टर वैतागून घंटी वाजवत राहतो. याला ती जुळवून घेणं म्हणते. मला त्या शब्दाचाच राग आला. मला जुळवून घ्यायचं नव्हतं. मला माझ्या मैदानावर, माझ्या दोन पायांवर परत जायचं होतं.

चिमूटभर कूर्चा दुर्बिणीनं, बारीकशा छिद्रातून काढून झाली, लॅबला गेली, आणि दुसऱ्या ऑपरेशनची तारीख आली. ती तारीख डॉक्टरांची नव्हती, माझीही नव्हती. पेशी कधी तयार होतात यावर ती ठरली होती. पेशी आल्या की लगेच बसवायच्या, त्या थांबत नाहीत. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, ऑपरेशननंतर दीड महिना त्या पायावर भार टाकायचा नाही, तेव्हा घरची तयारी आत्तापासून करा. आणि दुसरी, गुडघ्यावरची कातडी जपा. जखम, फोड, ओरखडा, काही म्हणजे काही नको. “जखम दिसली तर मी गुडघा उघडणार नाही. जंतू आत गेले तर सगळं संपलं. तुम्हाला परत पाठवीन आणि त्या पेशी वाया जातील.”

तारीख पाहून आमच्या घरात निराळाच गोंधळ उडाला. भरती व्हायचा दिवस नेमका येळवशीचा, म्हणजे वेळा अमावास्येचा होता. आमच्या भागात त्या अवसेला गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे शेतात. कडब्याची खोप, पूजा, भज्जी, आंबील, उंडे, आणि रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा हाताला धरून जेवायला बसवायचं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या म्हणाल्या, “अवसेच्या दिवशी घर सोडून दवाखान्यात? डागदरला म्हणावं चार रोज पुढं ढकल.”

“आत्या, पेशींना पंचांग कळत नाही.”

“तुला तरी कळतंय का?”

मग त्यांनी दुसरा तोडगा काढला. जायचंच असेल तर नंतर माहेरी जा. पहिलं बाळंतपण आणि मोठं दुखणं माहेरी, ही त्यांच्या लेखी रीतच. शिवाय किल्लारीचं आमचं घर भूकंपानंतरचं, एकमजली, रांगेतलं. ना जिना, ना उंच उंबरा. त्या दृष्टीनं ते सोयीचं होतं, हे मी नाकारत नाही. पण त्या घरात आई एकटी राहते, आणि तिला पाण्याची बादली उचलवत नाही. मी खाटेवर आणि ती बादली ओढत माझ्यासमोर लंगडतेय, असं दीड महिना बघायचं? मी साफ नाही म्हणाले. मी माझ्याच घरात राहीन, आणि माझं करायचं ते माझ्या घरची माणसं करतील. जमत नसेल तर शिकतील.

माझा नवरा डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहे. तिथं तो मोठमोठ्या मशिनी सांभाळतो, घरात त्याला गॅसचा लायटर सापडत नाही. पण तो म्हणाला, “शिकव मग.”

इथून माझ्यातली खो-खोची शिक्षिका जागी झाली. कुठलाही संघ मी सरावाशिवाय मैदानात उतरवत नाही. मग घराला तरी तालमीशिवाय ऑपरेशनात का उतरवावं? मी कुबड्या आधीच आणल्या, गुडघ्याला पट्टा आवळला आणि जाहीर केलं, आजपासून मला एकच पाय आहे.

आत्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “चांगल्या पायानं लंगडं सोंग घेऊ न्हाई गं बाई! सोंग अंगावर येतंय!”

“अंगावर येणारच आहे, आत्या. म्हणून तर आधी ओळख करून घेतेय.”

पहिल्याच दिवशी किती गोष्टी कळल्या म्हणून सांगू. दोन्ही हातांत कुबड्या असल्या की चहाचा कप कशात धरायचा? धरताच येत नाही. म्हणजे मी स्वतः चहा केला तरी तो ओट्यापाशी उभं राहूनच प्यायचा. न्हाणीघराची फरशी ओली असली की कुबडीचं रबर सर्रकन सरकतं. देवघरापुढचा उंबरा, जो वीस वर्षं माझ्या लक्षातही आला नव्हता, तो डोंगराएवढा झाला. नवऱ्यानं वरण केलं आणि मीठ विसरला. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही दिवसांचं मीठ घातलं. मी ते वरण खाल्लं आणि “पुन्हा” म्हणाले, मुलींना म्हणते तसंच. चौथ्या-पाचव्या खेपेला माणूस फोडणी जळू न देता कढीपत्ता टाकायला शिकला आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवायला लागला.

मांडीचे व्यायाम चालूच होते. पाय ताठ करायचा, उचलायचा, धरून ठेवायचा. ऑपरेशनआधी मांडी जेवढी दणकट, तेवढी नंतर लवकर उभी राहाल, असं डॉक्टर म्हणाले होते.

सगळ्यात मोठी लढाई संडासाच्या खुर्चीवरून झाली. आमच्याकडे बसायचं भांडं, आणि मला कितीतरी महिने उकिडवं बसता येणार नव्हतं. मी मधे भोक असलेली खुर्ची आणली. आत्या म्हणाल्या, असली घाण वस्तू माझ्या घरात नको. मी ती ठेवलीच. दोन दिवसांनी मला वाटलं, खुर्ची रोज थोडी सरकलेली असते. मी विचारलं नाही. आत्यांनीही सांगितलं नाही. पण त्यानंतर घाण वस्तूचा विषय निघाला नाही.

तर अशी मी अंगणात कुबड्यांवर उड्या मारत असताना गल्लीनं पाहिलं, आणि गल्लीनं आपापलं ठरवून टाकलं. केळी यायला लागली. एका बाईनं तर लातूरला टाके किती घातले तेही दुसरीला सांगितलं. बातमी उदगीरहून निघाली आणि कुठून कुठून फिरत किल्लारीला पोचली. आईला कुणीतरी म्हणालं, तुमच्या लेकीचं ऑपरेशन झालं की! तुम्हाला कळवलं न्हाई व्हय?

आई दुसऱ्या दिवशी दारात. जीपनं, मग एसटीनं, मग रिक्षानं. उलटी उतरली असणार, प्रत्येक वेळी. काखेत मोठं गाठोडं. मी तेव्हा नेमकी एका पायावर उंबरा ओलांडत होते. मला बघून तिनं गाठोडं खाली टाकलं आणि तोंडात पदर धरून रडायला लागली.

“अगं, झालं नाही अजून!” मी कुबड्या टाकून दोन्ही पायांवर तिच्याकडे गेले. “हे बघ. चालतेय. तालीम करतेय मी.”

रडं थांबायला जरा वेळ लागला. मग तिनं मला माझ्या सासूसमोर अशा शिव्या घातल्या, की आत्या खुश होऊन तिच्यासाठी चहा ठेवायला गेल्या.

गाठोड्यात काय नव्हतं? डिंकाचे लाडू, अळीव, ओवा, बाजेखाली ठेवायची शेगडी, सुती लुगड्याच्या मऊ घड्या. बाळंतपणाचा अख्खा सरंजाम. मी म्हणाले, “माय, मला मूल होणार नाही, गुडघा होणार आहे.” ती म्हणाली, “दुखणं ते दुखणंच.” आणि सगळ्यात खाली, कागदात गुंडाळलेले, काळे बिबे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बिबा दाभणाला टोचून दिव्यावर धरतात. तेल सुटलं की त्याचा टिपका दुखऱ्या जागी देतात. कातडी भाजते, फोड येतो, पाणी धरतं, आणि बाहेरच्या आगीत आतलं दुखणं विसरायला होतं. कुणाकुणाचं तर सगळं अंग उततं, पुरळ येऊन सुजतं. आमच्या बायकांचे गुडघे, टाचा, कंबर, कुठंही बघा, काळे डाग असतातच.

मी ते बिबे पाहिले आणि कागदासकट फडताळावर उंच ठेवून दिले. आईला डॉक्टरांची अट समजावून सांगितली. एक फोड आला तरी ऑपरेशन नाही. पेशी वाया. पुन्हा पहिल्यापासून. ती हूं हूं म्हणत राहिली. मला वाटलं, पटलं.

दोन दिवसांनी दुपारी व्यायाम करून मी खाटेवर पडले होते. डोळा लागला होता. झोपेतच मला जळका, तेलकट वास आला. हा वास मी लहानपणापासून ओळखते. डोळे उघडले तर आई खाटेशेजारी वाकून उभी. माझा गाऊन तिनं गुडघ्यापर्यंत अलगद वर केला होता. एका हातात दाभण, दाभणाच्या टोकावर बिबा, आणि बिब्याच्या खाली लोंबणारा काळा थेंब.

मी तिचं मनगट धरलं. वळताना खांब धरावा तसं, पूर्ण ताकदीनं. थेंब चादरीवर पडला.

“एकच टिपका देते, माय. एकच. ऊब जाईल आत. मग ते तुझं ऑपरेशन बी चांगलं बसंल.”

मी ओरडले. काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, पण एवढं नक्की म्हणाले, की तुझ्यासारखं मला जन्मभर उभ्यानं जेवायचं नाही. आत्या दारात येऊन थांबल्या होत्या.

आईनं मनगट सोडवून घेतलं नाही. नुसती म्हणाली, “मग मी काय करू? मला गुडघ्याचं एवढंच येतंय.”

मला रडू आलं. राग गेला नव्हता, पण रडू आलं. तिला खरंच एवढंच यायचं. तिच्या गुडघ्यासाठी कुणी फोटो काढला नव्हता, कुणी तालीम केली नव्हती, कुणी वरणात मीठ घालायला शिकलं नव्हतं. बिबा होता, आणि तोही तिचा तिनंच दिला होता. आम्ही पोरं तेव्हा त्या वासाला नाकं मुरडून बाहेर खेळायला जायचो.

मी चादर जाळायला बाहेर टाकली, हात धुतले आणि तिला म्हणाले, “काम पाहिजे ना तुला? हे घे. ऑपरेशनपर्यंत हा गुडघा तुझा. याच्यावर ओरखडा उठला तर मी तुला विचारीन.”

चूक झाली माझी! त्या दिवसापासून मला माझ्याच गुडघ्याला हात लावायची चोरी झाली. आईनं त्यावर लुगड्याची मऊ घडी गुंडाळली. डास दिसला की टॉवेल घेऊन धावायची. मांजराला गल्लीच्या टोकापर्यंत हाकलून आली, तेही त्या तसल्या गुडघ्यांनी. केळी घेऊन आलेल्या एका बाईनं ‘बघू बघू’ म्हणत हात पुढं केला, तर आई तिला म्हणाली, “लांबून बघा. डागदरनं मला जिम्मेदारी दिलीया.” डॉक्टरांनी तिला अजून पाहिलंसुद्धा नव्हतं. एव्हाना आत्या आणि ती मिळून ती खुर्ची उघडपणे वापरायला लागल्या होत्या. दोघींत सकाळी आधी कोण यावरून “तुम्ही जा इहीनबाई, न्हाई न्हाई तुम्हीच जा” असा मान चालायचा, आणि मी बाहेर दात घासत ताटकळायचे.

येळवशीच्या दिवशी आम्ही लातूरला निघालो. नवरा, आई आणि मी. रस्त्यात सगळीकडे ट्रॅक्टर, मोटारसायकली, डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका. आत्या पहाटेच शेतात गेल्या होत्या. आमचं शेत वाटेवरच आहे, तेव्हा त्यांचं मन राखायला उतरलो. आत्यांनी मला खोपीपुढं उभं केलं, हळद-कुंकू लावलं. त्यांनी देवाला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण मला म्हणाल्या, “जा. अवस असू दे न्हाईतर पुनव. परत आल्यावर भज्जी करून घालते.” मी दोन्ही पायांनी खोपीभोवती फेरा मारला. पायाखाली ज्वारीच्या रानातली काळी, भुसभुशीत माती होती. पुढचे कितीतरी दिवस हा पाय भुईला लागणार नव्हता, म्हणून मी जरा जास्तच जोर देऊन चालले. दुखलं. दुखू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात मला हिरवा झगा घातला. पेशींचा डबा आला होता. डॉक्टर आले आणि कातडी बघू म्हणाले. आईनं स्वतःच्या हातानं लुगड्याची घडी सोडली. डॉक्टरांनी गुडघा वाकवून, फिरवून, सगळीकडून पाहिला. “छान. एक डाससुद्धा चावलेला नाही.” आईनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू तिलाच कप मिळाला होता.

मग त्यांनी खिशातून जाड शाईचं पेन काढलं आणि माझ्या गुडघ्याच्या वर ठळक बाण काढला.

“हे काय हो?” आईनं विचारलं.

“खूण. हाच गुडघा करायचा, म्हणजे चूक व्हायला नको.”

आई त्या बाणाकडं बघत राहिली. डॉक्टर पेनाचं टोपण लावायला लागले, तेवढ्यात ती भिंतीजवळच्या खुर्चीत बसली. हात टेकून, कण्हत, एकदाची बसली. आणि जिनं माझ्या देखत कधी घोट्याच्या वर लुगडं जाऊ दिलं नव्हतं, तिनं परक्या पुरुषासमोर ते दोन्ही हातांनी गुडघ्यांच्या वर घेतलं. गुडघे वाकडे, सुजलेले, आणि त्यांच्यावर बिब्याचे काळे डाग. जुन्यावर नवे, नव्यावर आणखी नवे, मोकळी कातडी शोधावी लागेल इतके.

“डागदरसायब, ती शाई असंल तर हितं बी काढा. दोन्हीवर काढा.”

नवरा दाराकडं बघायला लागला. डॉक्टरांचं टोपण हातातच राहिलं. “आजी, तुमचं आधी तपासावं लागेल. फोटो काढावे लागतील. तुमचं ऑपरेशन वेगळं असतं.”

“मग तपासा की. मी काय पळून जायलेय का?”

मला ऑपरेशनला न्यायला चाकांची गाडी आली होती. मी आडवी झाले आणि तिला म्हणाले, “माय, तू तर म्हणायचीस, जुळवून घ्यायचं असतंय.”

तिनं लुगडं खाली केलं नाही.

“लई घेतलं,” ती म्हणाली. “आता बास.”